विमानवाहू नौका मिसाइलपासून कशी वाचते? समुद्रातल्या लपाछपीचं गणित, नगरच्या भाषेत

"काही कोटींचं मिसाइल आणि हजारो कोटींची विमानवाहू नौका. एक बटण दाबलं की खेळ खल्लास!" असं सांगणारे शॉर्ट्स आणि रील्स तुम्हीही पाहिले असतील. दुसऱ्या बाजूला "आपली विक्रांत कोणीच बुडवू शकत नाही" असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओही भरपूर आहेत. मित्रांनो, खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी अर्धवट आहेत.

विमानवाहू नौकेचा बचाव म्हणजे येणारं मिसाइल शेवटच्या क्षणी हवेत उडवणं, असं आपल्याला वाटतं. तो बचावाचा शेवटचा आणि सगळ्यात धोक्याचा भाग असतो. खरा बचाव मिसाइल सुटायच्या कितीतरी आधी सुरू होतो. कसा, ते समजून घेऊ. समुद्र लांब असला तरी उदाहरणं आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलीच घेऊ.

पणाला काय लागलेलं असतं?

आयएनएस विक्रांत ही भारतात बांधलेली पहिली विमानवाहू नौका. कोचीन शिपयार्डमध्ये तयार झालेली ही नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. लांबी २६२ मीटर, खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये आणि वेग जास्तीत जास्त २८ नॉट्स, म्हणजे ताशी साधारण ५२ किलोमीटर. तिच्यावर सुमारे १,६०० माणसं काम करतात. म्हणजे एखादं मध्यम आकाराचं गावच पाण्यावर तरंगत असतं. दुसरी नौका, आयएनएस विक्रमादित्य, हिचा तळ कारवारला आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. अशी नौका निकामी करायला ती बुडवावी लागतेच असं नाही. धावपट्टीला मोठं भगदाड पडलं किंवा आग लागली, तरी विमानं उडू शकत नाहीत. मग ती समुद्रातली एक मोठी, महागडी पेटी उरते. त्यामुळे एकसुद्धा मिसाइल आत घुसू न देणं हे ध्येय असतं.

लहान बोट, मोठं जहाज: १९७१ चा धडा

जहाजविरोधी मिसाइल किती घातक असतं हे आपल्या नौदलाने स्वतःच दाखवून दिलंय. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन छोट्या मिसाइल बोटींनी कराचीवर हल्ला केला. अडीचशे टनांच्या आसपासच्या या बोटी. पण निर्घातच्या मिसाइलांनी पाकिस्तानची विनाशिका खैबर बुडवली. गंमत म्हणजे, आपल्यावर मिसाइल आलंय हे खैबरवरच्या लोकांना कळलंच नाही. विमानाने हल्ला केला असंच त्यांना वाटलं. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो याच कारवाईमुळे.

जे आपण दुसऱ्यावर करू शकतो, ते दुसराही आपल्यावर करू शकतो. म्हणून बचावाचं शास्त्र शिकावं लागतं.

मिसाइल एकटं काहीच करत नाही

नगरजवळच्या के. के. रेंजवर २२ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओने एक चाचणी घेतली. अर्जुन रणगाड्यातून लेझरच्या मदतीने जाणारं रणगाडाविरोधी मिसाइल सोडलं आणि त्याने ३ किलोमीटरवरचं लक्ष्य अचूक उडवलं. यात लेझरचा किरण लक्ष्यावर टाकायचा आणि मिसाइलने परत येणाऱ्या त्या प्रकाशाचा माग काढत जायचं, अशी योजना असते. ठिपका हलला किंवा मध्ये दाट धूर आला की मिसाइलची पंचाईत होते.

समुद्रातही तत्त्व हेच. फक्त अंतर ३ किलोमीटरऐवजी ३०० किंवा १,५०० किलोमीटर असतं. त्यामुळे शत्रूला एकामागून एक पाच कामं करावी लागतात:

१. नौका शोधायची.
२. ती खरंच विमानवाहू नौका आहे, तेलवाहू जहाज नाही, हे ओळखायचं.
३. तिचा सतत माग ठेवायचा.
४. ताजा पत्ता मिसाइलला देऊन ते सोडायचं.
५. शेवटच्या टप्प्यात मिसाइलने स्वतः लक्ष्य शोधून धडकायचं.

या साखळीला लष्करी भाषेत किल चेन म्हणतात. यातली एक कडी तुटली तरी हल्ला फसतो. म्हणजे बचाव करणाऱ्याला पाच संधी मिळतात. रील्समध्ये दिसतो तो फक्त पाचवा टप्पा.

दीड तासात अख्खा नगर जिल्हा

समजा, शत्रूच्या उपग्रहाने विक्रांतचा फोटो काढला. तो फोटो खाली आला, तपासला, खात्री केली, आदेश निघाला. यात एक तास गेला. तेवढ्यात नौका ५२ किलोमीटर पुढे गेलेली असू शकते, आणि तीही कोणत्याही दिशेने. ५२ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ काढा: जवळपास ८,५०० चौरस किलोमीटर.

आता आपला जिल्हा बघा. अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. म्हणजे एका तासात शोधायची जागा अर्ध्या जिल्ह्याएवढी होते. दीड तास गेला तर त्रिज्या ७८ किलोमीटर होते आणि क्षेत्रफळ १९,००० चौरस किलोमीटरच्या वर जातं. अकोल्यापासून जामखेडपर्यंत, कोपरगावपासून श्रीगोंद्यापर्यंत कुठेतरी एक २६२ मीटरची वस्तू आहे आणि ती पळतेय. शोधा!

वायुदलाचा तळ जागचा हलत नाही. त्याचा पत्ता दहा वर्षांपूर्वीचा असला तरी चालतो. विमानवाहू नौकेचा पत्ता काही मिनिटांत शिळा होतो. हेच तिचं पहिलं चिलखत. शिवाय गरज असेल तेव्हा नौका आपली रडार आणि रेडिओ बंद ठेवते, कारण रडार चालू करणं म्हणजे अंधारात बॅटरी लावण्यासारखं असतं. बॅटरीवाल्याला जेवढं दिसतं, त्याहून कितीतरी लांबून तो स्वतः दिसतो.

क्षितिजाची भानगड आणि कळसूबाई

पृथ्वी गोल आहे, ही शाळेतली गोष्ट इथे जीवनमरणाची ठरते. जहाजावरचं रडार समुद्रसपाटीपासून ३० मीटर उंचीवर आहे असं धरू. लाटांच्या वर जेमतेम ५ मीटरवरून येणारं मिसाइल त्याला साधारण ३२ किलोमीटरवर दिसतं. त्याआधी ते पृथ्वीच्या वळणाआड लपलेलं असतं.

आवाजापेक्षा थोड्या कमी वेगाचं मिसाइल हे ३२ किलोमीटर पावणेदोन मिनिटांत कापतं. आपल्या ब्राह्मोससारखं, आवाजाच्या पावणेतीनपट वेगाचं असेल तर ३५ सेकंदांच्या आत. तुम्ही फोन अनलॉक करून एक मेसेज टाइप करेपर्यंत सगळं संपलेलं असतं.

उपाय काय? उंच चढायचं. नगरकरांना हे वेगळं सांगायला नको. चांदबीबी महालाच्या टेकडीवरून शहर लांबवर दिसतं आणि अकोले तालुक्यातल्या कळसूबाईवरून, १,६४६ मीटरवरून, त्याहून कितीतरी जास्त मुलूख दिसतो. नौदलाकडे कामोव्ह-३१ नावाचं हेलिकॉप्टर आहे. हवेत गेल्यावर त्याच्या पोटाखालचा मोठा रडार अँटेना उघडतो आणि गोल फिरू लागतो. तो ३,००० मीटरवर असेल, म्हणजे कळसूबाईच्याही खूप वर, तर तेच मिसाइल सिद्धांतानुसार सव्वादोनशे किलोमीटरपेक्षाही लांबून नजरेच्या टप्प्यात येतं. पावणेदोन मिनिटांची तेरा मिनिटं होतात. ३५ सेकंदांची चार मिनिटं होतात. या मिनिटांवरच सगळा बचाव उभा असतो.

भुईकोट किल्ल्यासारख्या तटबंद्या

नगरचा भुईकोट किल्ला पाहिलाय ना? डोंगर नाही, कडा नाही, सपाट जमिनीवरचा किल्ला. म्हणून त्याचा बचाव थरांमध्ये आहे. आधी रुंद खंदक, मग तट, त्यावर बुरुज आणि तोफा. १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने वेढा घातला आणि सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं. चांदबीबीने ते रातोरात बुजवून घेतलं. शेवटी १५९६ मध्ये मुघलांना तह करावा लागला.

समुद्रही सपाटच असतो. तिथले थर असे:

पहिला थर: लढाऊ विमानं. बाण अडवण्यापेक्षा धनुर्धराला गाठणं सोपं. विक्रांतवरची मिग-२९के विमानं शत्रूच्या विमानाला किंवा जहाजाला मिसाइल सोडण्याच्या अंतरावर येण्याआधीच अडवतात. फ्रान्सकडून २६ राफेल-एम विमानं घेण्याचा करार एप्रिल २०२५ मध्ये झाला, तोही याच कामासाठी.

दुसरा थर: सोबतच्या युद्धनौका. विमानवाहू नौका युद्धात कधीच एकटी फिरत नाही. विनाशिका, फ्रिगेट, पाणबुडी असा ताफा असतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या विशाखापट्टणम वर्गाच्या विनाशिका यात महत्त्वाच्या. प्रत्येकीवर ३२ बराक-८ मिसाइलं असतात. ती सरळ वर उडतात आणि मग कोणत्याही दिशेला वळतात. भारत आणि इस्रायलने मिळून हे मिसाइल तयार केलंय.

तिसरा थर: फसवणूक. मिसाइल शेवटी स्वतःच्या छोट्या रडारने लक्ष्य शोधतं. त्याला गंडवायला जहाज रॉकेट सोडतं आणि हवेत धातूचा मुलामा दिलेल्या बारीक तंतूंचा ढग तयार होतो. याला चाफ म्हणतात. मिसाइलला तो ढगच जहाज वाटतो. डीआरडीओच्या जोधपूरच्या प्रयोगशाळेने नौदलासाठी अशी लहान, मध्यम आणि लांब पल्ल्याची रॉकेट्स बनवली आहेत.

चौथा थर: जवळची तोफ. एके-६३० ही सहा नळ्यांची तोफ मिनिटाला चार हजारांहून जास्त गोळ्या झाडते. पण तिचा टप्पा फक्त चारेक किलोमीटर. वेगवान मिसाइल इथे पोचलं तर हातात चार-पाच सेकंदच असतात. शिवाय तुकडे झालेलं मिसाइलही त्याच वेगाने येऊन आदळू शकतं.

पाचवा थर: खिंडार बुजवणं. विक्रांतमध्ये सुमारे २,३०० कप्पे आहेत. एकात पाणी किंवा आग शिरली तर दारं बंद करून ती तिथेच रोखायची. चांदबीबीने केलं तेच काम, फक्त रातोरात नाही, काही मिनिटांत.

विराटने हे प्रत्यक्ष अनुभवलंय

हे फक्त पुस्तकी ज्ञान नाही. मुंबईकरांनी तीस वर्षं पाहिलेली आयएनएस विराट आठवते? १९८७ मध्ये आपल्याकडे येण्याआधी ती ब्रिटनची एचएमएस हर्मिस होती आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. अर्जेंटिनाकडे विमानातून सोडायची फक्त पाच एक्झोसेट मिसाइलं होती. पण त्या पाचांच्या धाकाने हर्मिसला बेटांपासून दूर पूर्वेकडे ठेवावं लागलं.

४ मे १९८२ रोजी हल्ला झाला. पुढे पहाऱ्यावर असलेल्या ग्लासगो या विनाशिकेने शत्रूच्या विमानाचं रडार ओळखलं आणि लगेच चाफ सोडलं. तिच्याच सोबतची शेफिल्ड मात्र त्या वेळी उपग्रहावरून संदेश पाठवत होती. त्या प्रक्षेपणामुळे शत्रूचं रडार ओळखणारं तिचं यंत्र निकामी झालं होतं. मिसाइल शेफिल्डला लागलं आणि २० जणांचा जीव गेला.

२५ मे रोजी दोन एक्झोसेट थेट ताफ्याच्या दिशेने आले. चाफने ते चुकवले खरे, पण पुढे जाऊन त्यांना अटलांटिक कन्व्हेअर हे मालवाहू जहाज सापडलं. त्याच्याकडे चाफ नव्हतं. १२ जण मरण पावले, मौल्यवान हेलिकॉप्टरं जळाली. हर्मिस वाचली, म्हणूनच पुढे ती विराट होऊन २०१७ पर्यंत आपल्या नौदलात राहिली. पण कोणाच्या किमतीवर, हेही विसरायला नको.

यंत्र होतं, पण बंद होतं

इतिहासात वारंवार दिसणारी गोष्ट म्हणजे, मिसाइल यंत्रांना भेदून क्वचित जातं, ते बेसावधपणातून जातं. १७ मे १९८७ रोजी अमेरिकेच्या स्टार्क या फ्रिगेटवर इराकी विमानाने दोन एक्झोसेट सोडले. जवळच्या बचावाची तोफ जहाजावर होती, पण आपोआप चालण्याच्या स्थितीत नव्हती. ३७ खलाशी गेले. जुलै २००६ मध्ये इस्रायलच्या हनीत या जहाजाला लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ मिसाइल लागलं. त्याच्यावर बराक यंत्रणा होती, पण चालू नव्हती. समोरच्याकडे असं मिसाइल असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

भुईकोट किल्लाही शेवटी १६०० मध्ये पडला, तो आत फूट पडून चांदबीबी मारली गेल्यावर. तट तोच होता.

मग सगळी मिसाइलं अडवता येतात का?

नाही. एक काल्पनिक हिशोब करू. समजा, आपलं एक बचाव मिसाइल शंभरातून ८० वेळा यशस्वी होतं. प्रत्येक येणाऱ्या मिसाइलवर दोन सोडली, तर ते निसटायची शक्यता ४ टक्के उरते. छान वाटतं ना? आता एकाच वेळी दहा मिसाइलं आली असं धरा. त्यातलं निदान एक निसटण्याची शक्यता ३३ टक्के होते. तीनातून एकदा!

आणि या एका हल्ल्यात २० बचाव मिसाइलं खर्च झाली. ३२ पैकी उरली १२. रिकामे झालेले कप्पे भरायला जहाजाला बहुतेक वेळा बंदरात परतावं लागतं. म्हणून हल्ला करणारा एकदम खूप मिसाइलं आणि स्वस्त ड्रोन सोडायचा प्रयत्न करतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात हूथींनी हेच केलं. अमेरिकी जहाजांनी बहुतेक हल्ले पाडले, पण हजारो डॉलरच्या ड्रोनवर लाखो डॉलरचं मिसाइल खर्च करत.

त्याच काळात एप्रिल २०२५ मध्ये ट्रुमन या अमेरिकी विमानवाहू नौकेवरून एक लढाऊ विमान समुद्रात पडलं. हल्ला चुकवायला नौकेने जोरात वळण घेतलं होतं, असं बातम्यांमध्ये आलं. म्हणजे मिसाइल लागलं नाही, तरी किंमत मोजावी लागली.

चीनची डीएफ-२१डी आणि डीएफ-२६ ही बॅलिस्टिक मिसाइलं आणखी वेगळी. ती हजारो किलोमीटरवरून, वरून खाली, प्रचंड वेगात येतात. त्यांना पाडणं फारच अवघड. पण साखळी त्यांनाही चुकत नाही. जितकं अंतर जास्त, तितका ताजा पत्ता मिळवणं आणि तो पोचवत राहणं कठीण. पहिल्या तीन कड्या तोडणं तिथे जास्तच महत्त्वाचं ठरतं.

या साखळीत तुमचा मोबाइल कुठे येतो?

अगदी पहिल्या कडीत. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरी प्रकरणात विशाखापट्टणम, मुंबई आणि कारवार इथल्या नौदल कर्मचाऱ्यांना अटक झाली. सोशल मीडियावर ओळख वाढवून त्यांच्याकडून जहाजांची माहिती काढली जात होती. त्यानंतर नौदलाने युद्धनौका आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकवर बंदी घातली.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणाव असताना कोचीच्या नौदल तळावर एक फोन आला. पंतप्रधान कार्यालयातून बोलतोय असं सांगून समोरचा विक्रांत सध्या कुठे आहे ते विचारत होता. पोलिसांनी त्याला अटक केली. त्याच दिवसांत कराची बंदरावर नौदलाने हल्ला केल्याच्या बातम्या काही वाहिन्यांवर आणि मोबाइलवर धडाधड फिरल्या. तसा हल्ला झालाच नव्हता.

आता वरचा हिशोब पुन्हा बघा. नौका दीड तास सापडली नाही तर शोधायची जागा अख्ख्या नगर जिल्ह्याएवढी होते. पण कारवारच्या किनाऱ्यावरून, कोचीच्या बंदरातून किंवा मासेमारी बोटीवरून कोणी वेळ-जागेसकट व्हिडिओ टाकला, तर ते घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. उपग्रहाला जमलं नाही ते एका स्टोरीने होतं.

आपल्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं-पोरी सैन्यात आणि नौदलात आहेत, कितीतरी अग्निवीरची तयारी करताहेत. घरच्यांनी "आमचा दादा आज अमुक बंदरातून निघाला" असं स्टेटस ठेवणं साधं वाटतं. पण त्यातून बंदर, तारीख आणि जहाज, तिन्ही कळतात.

तर मग विमानवाहू नौका कालबाह्य झाली का?

झाली असती तर अमेरिका, चीन, ब्रिटन, फ्रान्स आणि भारताने त्यांच्यावर खर्च केला नसता. पण पूर्वीसारखी ती शत्रूच्या किनाऱ्याजवळ बिनधास्त जाऊ शकत नाही. तिला लांब राहावं लागतं, ताफा सोबत ठेवावा लागतो, आणि त्या ताफ्याकडे पुरेशी मिसाइलं, हवेत पुरेशी रडार आणि जागी माणसं असावी लागतात. २०,००० कोटींची नौका घेऊन सोबतच्या जहाजांवर आणि हेलिकॉप्टरांवर काटकसर केली, तर तो व्यवहार तोट्याचाच.

त्यामुळे पुढच्या वेळी "एका मिसाइलमध्ये खल्लास" असा व्हिडिओ दिसला, तर एवढंच विचारा: त्या मिसाइलला नौकेचा ताजा पत्ता दिला कोणी? आणि विक्रांतचा खरा ताजा पत्ता तुमच्या फोनवर आलाच, तर तो पुढे पाठवू नका.